गोल खांबाचं मशीन

आबा,

पुण्यानुमोदनाच्या दिवशी धुळ्याला तुमच्या दारापुढच्या मांडवात तुमच्या लेकीनं, वैशालीनं, माइक माझ्या हातात दिला. "सर, दोन शब्द बोला. बाबा घरात सारखं तुमचं नाव काढायचे." एकतीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. तास संपल्याची घंटा झाली तरी हा माणूस थांबत नाही, अशी माझी ख्याती. त्या दिवशी मात्र मी मोजून दोनच शब्द बोललो. "आबा गेले." आणि माइक परत दिला. ही बातमी मांडवात कुणालाच नवी नव्हती.

मागे बसलेले एक म्हातारबा शेजारच्याला म्हणाले, "सरस्ले भलतंच लागेल दिसस."

लागलं होतंच. पण जीभ अडली ती निराळ्या कारणानं. ज्या माणसाशी आपण आठ महिने खोटं बोललो आणि जो शेवटच्या भेटीत आपल्यावर रागावून गेला, त्याच्याविषयी त्याच्याच दारात उभं राहून काय गोड बोलायचं?

तुम्ही रागावून गेलात, हे मी धरूनच चाललो होतो. जळगावच्या स्टँडवरून धुळ्याची बस सुटताना तुम्ही खिडकीतून हात वर करायचात, "जय भीम, सर." मी खालून हात वर करायचा, "जय भीम, आबा." इतक्या वर्षांत हे कधी चुकलं नाही. शेवटच्या वेळी तुम्ही खिडकीशी बसलात, कापडी पिशवी मांडीवर घेतलीत आणि ती दोन्ही हातांनी धरून ठेवलीत. मी म्हणालो, "वर फळीवर ठेवतो." तुम्ही म्हणालात, "राहू द्या." बस हलली. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, हनुवटी जराशी हलवलीत. हात वर केला नाहीत.

तीन आठवड्यांनी वैशालीचा फोन आला.

मांडवात बोलता आलं नाही ते आता इथे बोलतो. तुम्हाला मध्येच तोडता येणार नाही, एवढाच काय तो माझा फायदा.

तुमच्याकडे मी पहिल्यांदा आलो तो एक लाजिरवाणी वस्तू रुमालात बांधून. निवृत्त झाल्यावर लोक यात्रेला जातात, मी घराच्या मागच्या खोलीत एक छोटा लेथ आणून बसवला होता आणि दीड वर्ष खपून तळहातावर मावेल एवढं वाफेचं इंजिन केलं होतं. त्यात एकच कमी होती. ते फिरत नव्हतं. कुणीतरी सांगितलं, धुळ्याला एका वर्कशॉपात टूलरूममधून रिटायर झालेले आबा येऊन बसतात, त्यांना दाखवा. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात आणि माझं इंजिन डोळ्याजवळ नेलंत.

"कोणी केलं?"

"मी."

"या खाचा कशानं पाडल्या?"

"कानशीनं."

"असं का. मला वाटलं, दातांनी."

मी ओशाळून रुमाल पुढे केला, तर तुम्ही स्टूल पुढे ओढलंत. "बसा." दुपारच्या बसनं परतणारा मी सातच्या बसनं परतलो, आणि रुमालातलं इंजिन तोंडानं फुंकलं तरी फिरत होतं. एरंडोलपर्यंत फुंकत आलो. शेजारचा प्रवासी पारोळ्यालाच दुसऱ्या सीटवर जाऊन बसला होता.

तुम्ही माझ्याशी मराठीत बोलायचात आणि मशीनशी अहिराणीत. "काय करी राहिना रे भो? कुरकुर कशाले?" असं लेथला विचारायचात, आणि तो गप्प व्हायचा. माझ्याशीही कधीतरी अहिराणीत बोलाल, याची मी मनातून वाट पाहत होतो.

लेथवर गोल वस्तू होते. सपाट पाठ, सरळ खाच, चौकोनी खण हवा असेल तर मिलिंग मशीन लागतं. एकेका खाचेशी मी तीन तीन आठवडे कानस घेऊन झगडतोय, हे तुम्हाला बघवेना. एक दिवस म्हणालात, "सर, घरी एक लहान मिलिंग घ्या. पण दोन गोष्टी. माझ्याशिवाय घ्यायचं नाही. आणि गोल खांबाचं घ्यायचं नाही."

मग तुम्ही चहाच्या ग्लासवर कागद ठेवून मला समजावलंत. लहान मिलिंग दोन जातींचं. कटर फिरवणारं डोकं एका उभ्या खांबावर बसलेलं असतं. एका जातीत खांब चौकोनी, त्याला सरळ घसरपट्टी, डोकं रुळावरून गेल्यासारखं वरखाली जातं. दुसऱ्या जातीत खांब साधा गोल, नळासारखा. हे स्वस्त पडतं, दिसायला भारी असतं. पण कटर काढून लांब ड्रिल लावायचं तर डोकं वर घ्यावं लागतं, आणि गोल खांबावर ते वर जाताना केसभर बाजूला फिरतं. सकाळपासून जुळवलेली जागा तिथेच गेली.

"डोकं वर गेलं की जागा विसरतं ते," तुम्ही म्हणालात, आणि चहाचा घोट घेऊन माझ्याकडे पाहिलंत. "काही माणसांचं पण होतं तसं."

मी जोरात हसलो. तो माणूस कोण, हे पुढच्याच महिन्यात सिद्ध करून दाखवलं.

तुम्ही मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नाशिकला गेलात आणि मी पंधरा दिवस मोकाट सुटलो. जळगावात एका दुकानात मशीन उभं होतं. पोपटी रंग, नवीन, चकचकीत. दुकानदारानं एका बोटानं त्याचं डोकं गरकन फिरवलं. "बघा सर, कुठंही फिरतं!" नेमकं हेच घ्यायचं नाही म्हणून ज्याला बजावलं होतं तो भूगोलाचा मास्तर म्हणाला, "अरे वा!"

फैजपूरकडे रिकामा निघालेला केळीचा टेम्पो मिळाला. केळीच्या पाचोळ्यात बसून मशीन घरी आलं आणि मागच्या दारात अडकलं. चार हमाल, मी, शेजारचे दोघे, सगळ्यांनी सल्ले दिले. शेवटी गवंडी बोलावून चौकट काढली आणि दार वीतभर रुंद केलं. घरात यायचं मशीन मोजलं होतं, घर मोजायचं राहिलं होतं.

सुनंदा कमरेवर हात ठेवून उभी होती. "आबांना विचारलंत?"

"अगं, ऑपरेशन झालंय त्यांचं. कशाला त्रास?"

"डोळ्याचं झालंय. कानाचं नाही."

पहिलंच काम मी दोन भोकांचं घेतलं. छोट्या ड्रिलनं जागा पाडली, डोकं वर घेतलं, मोठं ड्रिल लावलं, खाली आणलं. भोक पडलं ते इंग्रजी आठच्या आकड्यासारखं. मी मशीन बंद केलं. म्हणजे तुम्ही नाशिकहून परत यायच्या आधीच मला कळलं होतं की तुमचं बरोबर होतं. तेव्हा एक फोन केला असता तर तुम्ही चार शिव्या दिल्या असत्या आणि विषय संपला असता. मी मशीनवर सुनंदाची जुनी गोधडी टाकली आणि खोलीला कुलूप लावलं.

तुम्ही आलात ते काळा चष्मा लावून. अंगणातून चालत मागच्या दाराशी थांबलात. हात उंबऱ्यापासून वर फिरवलात, ओल्या प्लास्टरवर बोट टेकवलंत.

"सर, दार रुंद केलं?"

"हवा यावी म्हणून."

"जळगावची हवा एवढी जाड झाली?"

"आणि आबा, खोलीची किल्ली हरवली बघा."

"बरं," तुम्ही म्हणालात. आणि लगेच, "जामनेरला एक मशीन आहे म्हणतात. रविवारी जाऊ."

आबा, त्या वेळी तुम्हाला कळलं होतं का? दोन महिने झाले, हाच प्रश्न मी त्या दाराच्या चौकटीला विचारतो आहे.

मग ते रविवार सुरू झाले. तुम्ही धुळ्याहून निघायचात, मी जळगावहून, जिथे मशीन असेल तिथे स्टँडवर भेटायचो. जामनेरला पिठाच्या गिरण्या दुरुस्त करणाऱ्याकडे, धुळ्यात भंगारवाल्याच्या गोदामात, कुठे कुठे गेलो आपण. तुमची बघायची रीत मी कुणात पाहिली नाही. मालक कौतुकानं बटण दाबायला जायचा, तुम्ही त्याचा हात धरायचात. आधी मशीन बंद. मग काम ज्यावर बसवतात त्या टेबलाचं हात-चाक अगदी हळू फिरवायचात, डोळे मिटून, एकदा इकडे, एकदा तिकडे, आणि चाक फिरल्यावर टेबल किती उशिरा हलतं ते तळव्यानं ऐकायचात. मग खांबाला खांदा लावून रेटायचात. आणि सगळं मनासारखं असेल तर शेजारी पोतं टाकून चक्क बसायचात. मालकाला वाटायचं, म्हातारा दमला.

"दमलो नाही भाऊ," तुम्ही सांगायचात. "कारखान्यात मशीन काम किती देतं ते बघायचं. घरच्या मशीनजवळ माणसाला बसावंसं वाटतं का ते बघायचं. सरांना काय ट्रक भरून माल काढायचाय?"

दर वेळी तुम्ही शेवटी मान हलवून नकार द्यायचात आणि माझा जीव भांड्यात पडायचा. वर मी खोटा उसासा सोडायचो. "अरेरे, हेही गेलं." परतीच्या वाटेवर भजी, चहा, तुमच्या टूलरूमच्या गोष्टी. खरं सांगू का? सुरुवातीला मी लाजेपोटी गप्प राहिलो, नंतर लोभापोटी. मशीन घरी आहे म्हटलं की रविवार संपले असते. चुकीची वस्तू घेतल्याबद्दल कुणाला एवढं सुख मिळालं नसेल. तुमच्या गुडघ्यांचा विचार मी केला नाही. बसच्या पायऱ्या चढताना तुम्ही दांडा दोन्ही हातांनी धरायचात, ते मी पाहत होतो आणि पाहत नव्हतो.

आणि मग अमळनेर आलं.

एका बंद पडलेल्या तेलाच्या गिरणीचं वर्कशॉप. सगळ्या वस्तूंवर तेलकट धुळीचा थर, आणि कोपऱ्यात ते उभं होतं. लहानसं, जुनं, चौकोनी खांबाचं. तुम्ही चाक फिरवलंत आणि थांबलात. पुन्हा फिरवलंत. डोक्यावरची टोपी काढून खिशात ठेवलीत. पोतं न टाकताच खाली बसलात आणि खालून माझ्याकडे बघत म्हणालात, "सर, हाईच शे. लेई टाका."

पहिल्यांदा माझ्याशी अहिराणीत.

मालक समोर उभा. किंमत माझ्या आवाक्यातली. तुम्ही खाली बसलेले, लहान मुलानं आकाशकंदिलाकडे बघावं तसं मशीनकडे बघत. माझ्या घरात जागा एकाच मशीनची, आणि तिथे गोधडीखाली पोपटी रंग. आबा, त्या क्षणी खरं सांगायला काही लागत नव्हतं. मी म्हणालो, "रंग नाही आवडला मला."

"रंग?"

"जरा काळपट आहे."

"रंग मी देतो सर."

"नको आबा. राहू दे."

तुम्ही टोपी घातलीत. उठायला मी हात दिला तो तुम्ही घेतलात, पण सोडलात लवकर. स्टँडवर दोन फलाटांवर दोन बस लागल्या होत्या. तुम्ही तुमच्या बसमध्ये चढलात. हात वर केलात त्या वेळी, "जय भीम" म्हणालात. आवाज मात्र बसच्या आवाजाखाली गेला.

त्यानंतर दोन रविवार फोन नाही. मीच भरताच्या निमित्तानं तुम्हाला जळगावला बोलावलं. वांगी आली होती, अंगणात कपाशीच्या काड्या रचल्या होत्या. ठरवलं होतं, आज सांगायचं. वांगी भाजता भाजता सांगू म्हटलं, तर धूर डोळ्यात गेला आणि एक भुवई जळाली. जेवताना सांगू म्हटलं, तर तुम्ही भरताचं कौतुक करत होता. तुम्ही मध्ये कधीतरी पाणी प्यायला आत गेलात, बऱ्याच वेळानं बाहेर आलात. जेवण झाल्यावर पिशवी घेऊन म्हणालात, "निघतो." स्टँडपर्यंत मी हवेविषयी बोललो. पुढचं वर लिहिलंच आहे.

आता तुम्हाला माहीत नसलेलं सांगतो.

पुण्यानुमोदनानंतरच्या आठवड्यात वैशाली आली. रिक्षातून एक लाकडी खोका उतरवायला दोघं लागले. म्हणाली, "बाबांनी तिकडे वर्कशॉपात हे करून ठेवलं होतं. मालक म्हणत होते, लेथला कुणाला हात लावू देत नव्हते. 'जळगावला जाईन तेव्हा नेईन' म्हणायचे. काय आहे सर हे?"

तेलाच्या कापडात गुंडाळलेल्या दोन जाड लोखंडी कड्या, प्रत्येक मधोमध कापलेली, बोल्टनं पुन्हा जुळणारी. एक सरळ, घासून आरसा केलेली सळई. आणि एक आडवा हात, त्याला एका टोकाला दोन भोकं, दुसऱ्या टोकाला निळा रंग लावून त्यावर कोरलेल्या दोन बारीक रेघा. या रेघांमध्ये खाच पाडायची होती. ती पाडलेली नव्हती.

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. कड्या खांबाला वर आणि खाली बसवायच्या, त्यांच्यात सळई उभी धरायची, आणि डोक्याला लावलेला हात खाचेनं त्या सळईला धरून चालणार. म्हणजे डोकं वरखाली होईल पण बाजूला फिरणार नाही. गोल खांबाच्या रोगावरचं औषध. तेही माप घेऊन शिवलेलं. पण माप कुठून?

मी खोलीचं कुलूप काढलं, गोधडी ओढली. खालची कडी खांबाला लावली. ती अशी बसली की मध्ये विडीचा कागद गेला नसता.

मागे सुनंदा उभी होती. "किल्ली मी दिली होती," ती म्हणाली. "भरताच्या दिवशी. आबा आत आले, म्हणाले, 'अक्का, पाच मिनिटं खोली उघडा. सरांना सांगू नका.' मी उघडली. त्यांनी गोधडी वर केली, हसले थोडे. मशीनला काहीतरी बोलले, त्यांच्या भाषेत. मग पिशवीतून ते तुमचं दोन पायांचं..."

"कॅलिपर."

"ते खांबाला लावलं. वर्तमानपत्राचा कागद बोल्टांवर दाबून ठसा घेतला. गोधडी होती तशी पांघरून कोपरा मुडपला. आणि ते कॅलिपर हलू नये म्हणून दोन्ही हातांत धरून, पिशवीत ठेवून, पिशवी पण तशीच धरून बाहेर आले. मी म्हटलं, आबा, दडपून भरा की. तर म्हणाले, 'अक्का, मोडेल ना माप.'"

जळगाव ते धुळे. एरंडोल, पारोळा, सगळे गतिरोधक, सगळे खड्डे. मोतीबिंदू काढलेला, गुडघे गेलेला माणूस माझ्या खांबाचं माप मांडीवर घेऊन बसला होता, आणि खाली उभा राहून मी रुसलो होतो, की यानं हात का वर केला नाही.

राग नव्हताच तुमच्या मनात, असं मी म्हणत नाही. अमळनेरचा असेलच. पण कड्यांची आतली बाजू मी बोट फिरवून पाहिली आहे. रागात इतकं गुळगुळीत होत नाही काही. तुम्ही एक चिठ्ठी तरी ठेवायची होती, आबा. एक शिवी तरी.

खाच मात्र राहिली. दिवस पुरले नाहीत म्हणून, की माझ्यासाठी ठेवलीत, हे कळायला आता मार्ग नाही. मी खूप विचार केला. एकाच कटरनं पाडता येणारी खाच आहे. तिच्यासाठी डोकं एकदाही वर घ्यावं लागत नाही. त्या रोगट मशीनवर बिनचूक होऊ शकेल असं एकच काम उरलं होतं, आणि तेच उरलं होतं. वर हा हात एकच आहे. बिघडला तर दुसरा करून देणारं कुणी नाही. आणि काम कुणाच्या हाती, तर ज्याच्या खाचा पाहून तुम्हाला दात आठवले त्याच्या.

चार दिवस मी त्याला हात लावला नाही. पाचव्या दिवशी सकाळी सुनंदानं चहा आणून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "वाट कुणाची बघताय?"

बटण दाबायच्या आधी तुमच्यासारखं चाक फिरवलं, डोळे मिटून, इकडे, तिकडे. लगेच काही ऐकू आलं नाही. पुन्हा फिरवलं. मग आलं, टेबल उशिरा हलतं ते. कटर मुद्दाम बारीक घेतलं. रेघांच्या आत राहून कापत गेलो, एका वेळी नखाएवढं, थांबून सळई लावून बघत. दुपारचं जेवण राहिलं. कटरचा शेवटचा घास घेताना मी मशीनला म्हणालो, "धीर धर रे भो." माझी अहिराणी ऐकून तुम्ही हसला असतात. सळई खाचेत गेली. हलली नाही, अडकलीही नाही.

सगळं जोडलं. केसभर सरकलं तरी दाखवणारी डायल लावून काटा शून्यावर आणला. डोकं वीतभर वर घेतलं, परत खाली आणलं. पूर्वी काटा दोन फेऱ्या मारून भलतीकडेच थांबायचा. या वेळी शून्याजवळ आला, आणि डायलवरचं अर्धं घर अलीकडे थांबला.

अर्धं घर, आबा. तुमच्या कड्यांत चूक नाही. ते अर्धं घर माझ्या खाचेचं आहे. आणि हेही कबूल करतो, की अमळनेरचं मशीन ते अर्धं घरही चुकलं नसतं. त्या वादात तुम्ही जिंकलात. मी हरलो हे तुमच्यासमोर म्हणायला मला आठ महिने मिळाले होते.

काल वैशाली पुन्हा येऊन गेली. ती धुळ्याला परत निघाली तेव्हा तिला सोडायला स्टँडवर गेलो. तिनं खिडकीतून हात वर केला, मीही केला. बस वळेपर्यंत उभा राहिलो आणि तेव्हा कुठे डोक्यात आलं. त्या दिवशी तुमचे दोन्ही हात गुंतलेले होते. माझे तर रिकामे होते. मी तुमच्या हाताची वाट बघत ते खाली ठेवून उभा होतो.

जय भीम, आबा.